तयार डब्यातली घोर्मे सब्जी: वारसा की विटंबना?

अश्दोदकर: परवा येथे एकाने लिहिले, की कोशेर, म्हणजे यहुदी आहारनियमांना धरून असल्याच्या, शिक्क्याची तयार घोर्मे सब्जी (पालेभाज्या आणि मांसाचा इराणी रस्सा) आणणारी इराणी यहुदी कुटुंबे आजीचा वारसा दुकानाच्या फ्रीझरला विकत आहेत. लिहिणाऱ्या गृहस्थांनी शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, लागण्याआधी, कोथिंबीर, पार्सली आणि मेथीच्या ढीगभर जुड्या कधी निवडल्या आहेत काय? आमच्यात भाजी नुसती धुऊन भागत नाही; डोळ्यांना दिसेल असा एकही किडा पोटात जाऊ नये म्हणून पाने उजेडात धरून पाहावी लागतात. मी बेने इस्राएल, म्हणजे मूळचा कोकणातला यहुदी, पत्नी तेहरानच्या घराण्यातली, १९७९च्या इराणी क्रांतीनंतर इकडे इस्राएलात आलेली. सासूबाईंची नजर अधू झाली, तेव्हा तपासून, चिरून गोठवलेल्या पाल्याच्या पिशवीनेच आमच्या घरातली घोर्मे सब्जी टिकवली.

वेस्टवुडची शेजारीण: पाल्याच्या पिशवीला हरकत घेतली कोणी? हरकत आहे ती शिजवलेल्या डब्याला. पाला तेलात मंद आचेवर काळपट हिरवा होईपर्यंत परतणे हाच त्या पदार्थाचा प्राण आहे. लॉस एंजेलिसमध्ये मी आणलेल्या डब्यात उकडलेला पालक, राजमा आणि लिमू अमानीच्या, म्हणजे वाळवलेल्या लिंबाच्या, नावाने लिंबाचा रस होता. माझ्या इराणी शेजारणीने एक घास घेतला आणि शांतपणे विचारले, "हे कोणाच्या आजारपणाचे जेवण आहे?"

दह्याचा_शत्रू: डब्याचे राहू द्या, तहचीनचे, म्हणजे दही घालून थापलेल्या इराणी भाताचे, बोला. कोंबडीच्या तहचीनमध्ये सोयाबीनचे दही घालून त्यावर 'अस्सल इराणी' छापतात, हे कोणालाच खटकत नाही? मांसाबरोबर दही निषिद्ध आहे, तर दही सरळ वगळावे. नकली दह्याने जुन्या चवीचे सोंग कशाला आणायचे?

अश्दोदकर: सोंग कसले? आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घातले, त्याला कोणी नकली दूध म्हटले नाही.

दह्याचा_शत्रू: नारळ तुमच्या परसातला होता, सोयाबीनची पावडर कारखान्यातली आहे. इराणात सुमारे अडीच हजार वर्षे राहिलेल्या यहुद्यांना आपल्या पद्धतीने रांधता येत होते; मुसलमान शेजाऱ्याच्या ताटाची नक्कल करण्याची त्यांना गरज नव्हती. तुम्ही मात्र प्रत्येक वादात कोकण आणून बसवता.

अश्दोदकर: कोकण मी आणतो, कारण ते माझे आहे. आपण सोयाबीन आणलेत, ते कोणाचे?

वेस्टवुडची शेजारीण: दोघांनीही भांडून घ्यावे, पण गोंदीचे, म्हणजे सूपमध्ये शिजवायच्या खिम्याच्या गोळ्यांचे, तयार पीठ मी वापरते, हे येथेच कबूल करते. बेसन आणि वेलची मोजण्यात काही पुण्य नाही. कोंबडीचा खिमा मात्र मी स्वतःच मळते आणि सूपही घरीच करते.

अश्दोदकर: म्हणजे आपली पिशवी पवित्र आणि दुसऱ्याचा डबा भ्रष्ट. ठीक आहे, परतण्याबाबत आपले म्हणणे मान्य. सासूबाईंनीही पिशवीतला पाला पाऊण तास परतल्याशिवाय कधी पातेल्यात पडू दिला नाही, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात बोलण्याची कोणाची हिंमत नव्हती.