मदत हवी आहे: गुलमर्गला स्कीइंग, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती सैल ठेवायचं?

तापीकाठ (जळगाव)
जानेवारीअखेर गुलमर्गला निघतोय. मागच्या हिवाळ्यात बायको पडली, गुडघा पिरगळला, पण बुटातून स्की सुटलीच नाही. यंदा डिन आकडा (बाइंडिंग किती जोरावर सुटावं तो) किती सांगू? कमी ठेवला की गुडघा वाचेल ना? नी-कॅप कोणती घेऊ? लवकर सांगा.

भुसावळवाला
भुसावळहून झेलम धरा, थेट जम्मू तवी. पुढे कटऱ्याहून श्रीनगरला 2025 पासून रेल्वे झालीय, घाटरस्त्याचा ताप वाचतो.

बर्फवेडा_नाशिक
आकडा असा कसा सांगणार? वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि शिकाऊ की सराईत, यावरून तक्त्यातून निघतो तो. स्की स्वतःची की भाड्याची?

तापीकाठ
भाड्याची, सगळंच. बायकोचं वजन 58 किलो, उंची 5 फूट 2, वय 41. तळव्याचं काय माहीत! नुसता आकडा सांगा ना.

फिजिओ_धुळे
दादा, वहिनी पडल्या कशा? पुढे की मागे?

तापीकाठ
मागे. बसल्यासारखी झाली आणि गुडघा आत वळला.

फिजिओ_धुळे
मग आकडा उतरवून भागणार नाही. नेहमीचं बाइंडिंग चवड्याकडे बाजूला आणि टाचेकडे वर सुटतं. ते नडगीचं हाड वाचवायला बनवलंय, आणि नडगीची फ्रॅक्चर्स त्यानं कमी झालीही. पण मागे बसून पडलं की स्कीचं मागचं टोक तरफेसारखं गुडघ्याला पीळ देतं. तो पीळ बाइंडिंगपर्यंत नीट पोचतच नाही, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं अस्थिबंध (लिगामेंट), आधी तुटतं. हौशी स्कीअरमध्ये ही दुखापत बायकांना जास्त होते. एमआरआय काढला होता का?

तापीकाठ
नाही. सूज उतरली, चालते व्यवस्थित. जिना उतरताना मात्र कधीकधी गुडघा सटकतो म्हणते.

फिजिओ_धुळे
हे आधी सांगायचं ना! गुडघा सटकतोय म्हणजे एसीएल गेलेलं असू शकतं. बुकिंग थांबवा, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.

चोपडेकर
एवढं घाबरवू नका. मी बिजागरीचा ब्रेस घालून औलीला उतरतो, काही होत नाही.

फिजिओ_धुळे
तुम्हाला झालं नाही म्हणून ब्रेसनं वाचवलं, असं होत नाही. तपासणीशिवाय ब्रेस बांधून उतारावर पाठवणं धोक्याचं आहे.

सातपुड्याना_पोऱ्या
भाऊ, बरफ कसाले? पावसायाम्हा तोरणमाळले जा, यशवंत तलाव देख, सीताखाई देख.

बर्फवेडा_नाशिक
डॉक्टरांनी हो म्हटलं तरच पुढचं. स्की आखूड आणि मधल्या भागात अरुंद मागा. बुटाचा तळवा झिजलेला असेल तर बदलून घ्या, झिजलेल्या तळव्यानं बाइंडिंग अडतं. ग्रिपवॉक बूट (चालायला सोपा, वळणदार रबरी तळव्याचा) असेल तर बाइंडिंग त्याला चालणारं आहे का, तेही विचारा. आकडा तुम्ही सांगू नका. वजन-उंची खरी सांगा, लावू दे दुकानवाल्यांना. सैल ठेवलंत तर वळणावर स्की निसटेल आणि वहिनी वेगात आदळतील.

तापीकाठ
सोमवारी जळगावातच दाखवतो. एमआरआय ते सांगतील की मीच काढून नेऊ?

फिजिओ_धुळे
आधी हातानं तपासू द्या, लॅकमन टेस्ट करतील. त्यावरून तेच सांगतील.