हापूसमधला साका हातातल्या स्कॅनरने कळतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
देवगडकडे आमची हापूसची थोडी कलमं आहेत, पेट्या आम्ही थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. यंदा पुण्याच्या एका काकूंचा फोटो आला, साल मस्त केशरी, कुठे डाग नाही, आणि कापल्यावर बाठ्याला लागून पांढुरका भुसभुशीत गर, डझनात तीन फळं तशी, म्हणजे साका. पैसे लगेच परत केले पण फार लागलं मनाला, कारण त्या पेटीतलं एकेक फळ मी स्वतः हातात घेऊन भरलं होतं आणि वास तर घरभर होता.

जमेल ते करतो ओ. फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालं की झेल्याने (जाळीच्या काठीने) देठासकट काढतो, काढलेलं उन्हात ठेवत नाही, कलमाखाली गवत पसरतो कारण जमिनीच्या धगीने साका वाढतो. पाण्यात टाकलं की तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं, एवढं कळतं. साका मात्र कापल्याशिवाय नाही कळत.

आता भाचा म्हणतोय एनआयआर (निअर-इन्फ्रारेड प्रकाशाचा) स्कॅनर घेऊया, फेलिक्स एफ-७५० सारखा. मला समजलं ते असं की फळावर प्रकाश टाकायचा, साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटरच्या आसपासचा, आतलं पाणी, साखर, स्टार्च तो किती शोषतात त्यावरून ड्राय मॅटर, म्हणजे पाणी सोडून उरलेला भाग, निघतो, फळ न कापता. कच्च्या फळात स्टार्च असतो आणि साखर पुढे आढीत होते, त्यामुळे झाडावर ब्रिक्स (साखरेचं माप) बघण्यापेक्षा ड्राय मॅटर बघणं मला पटतं. काढणी कधी करायची ते त्याने ठरेल.

पण माझी अडचण वेगळी आहे. हा प्रकाश सालीखाली जेमतेम सेंटिमीटरभर जातो म्हणतात, आणि साका तर बाठ्याजवळून सुरू होतो, मग तो दिसणार कसा? की प्रकाश एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने पकडणारं छोटं मशीन मिळतं? एक्स-रेमध्ये साका दिसतो हे माहितीये, पण ते बागेत कुठे नेणार.

दुसरं म्हणजे कॅलिब्रेशन. आपल्याच बागेतली फळं स्कॅन करून, मग कापून, ओव्हनमध्ये सुकवून मशीनला शिकवावं लागतं ना? किती फळं घालवावी लागली तुम्हाला, आणि पुढच्या सीझनला तेच चाललं का परत करावं लागलं?

हापूसवर स्वतः वापरलेल्यांनी प्लीज सांगा. कोणाकडे मशीन असेल तर मी दोन पेट्या घेऊन येतो, स्कॅन करून तिथल्या तिथे कापून बघू.