‘करप्शन’ला खेळात काय म्हणावं? बाधा, कलुष, पतन

प्रश्न : फँटसी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचे (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका करायची, अशा खेळाचे) नियम मराठीत लिहितो आहे. काळी जादू वापरली, शापित तलवार उचलली, राक्षसाशी करार केला की पात्राला ‘करप्शन पॉइंट’ मिळतात. ठरावीक गुण साठले की शरीर किंवा मन बिघडतं आणि शेवटी पात्र खेळाडूच्या हातातून जातं. ‘भ्रष्टाचार’ लिहिलं तर डोळ्यांपुढे लाच येते. ‘विकृती’, ‘कीड’, ‘विटाळ’ हे शब्द सुचले. कोणता घ्यावा? दुसरी अडचण नियमाची आहे. गुण कमी दिले तर कुणी फिकीर करत नाही, जास्त दिले तर जादूगार जादू करायलाच धजावत नाही.

प्रतिसाद : ‘भ्रष्टाचार’ बाद, पण ‘भ्रष्ट’मागचा ‘भ्रंश्’ हा धातू कामाचा आहे. त्याचा अर्थ खाली पडणं, ढळणं. पदभ्रष्ट, स्मृतिभ्रंश यांत तो दिसतो. ‘विटाळ’ आणि ‘बाटणे’ नकोतच. त्यांना अस्पृश्यतेचा इतिहास चिकटलेला आहे आणि खेळाच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, तो आणण्याचं काही कारण नाही. ‘विकृती’ परिणामासाठी राखून ठेवा: हातावर खवले उगवले, ती विकृती.

मूळ संकल्पनेला मात्र एकच शब्द शोधू नका. तुमच्या दोन्ही अडचणींची गाठ तिथेच आहे. शापित दलदलीतून चालताना अंगात शिरलं ते आणि गावकऱ्यांचा बळी देऊन मिळवलं ते, तुम्ही एकाच आकड्यात मोजता आहात. पहिल्याला मराठीत सरळ शब्द आहे, ‘बाधा’. विषबाधा, भूतबाधा म्हणतो तसं. बाधा बाहेरून येते, माणसाचा दोष नसताना होते आणि तिच्यावर उतारा असतो. दुसऱ्याला ‘कलुष’ म्हणा. गढूळ झालेल्या पाण्यासाठीही हाच शब्द आहे आणि मन कलुषित होतं ते आतून.

आता नियम आपोआप वेगळे होतात. बाधेला फासा हवा, कारण पात्राला तिथे निवड नव्हती. मंत्राने, औषधाने किंवा विश्रांतीने ती जावी. कलुषाला फासा नकोच. खेळाडूने ठरवलं, गुण लागला. तो औषधाने जाऊ नये, प्रायश्चित्ताने जावा, आणि ते प्रायश्चित्त कथेत खरोखर घडावं. एखाद्या सेशनचा (खेळाच्या एका बैठकीचा) मोठा भाग त्यात गेला तरी चालेल. आकड्यांचा तोल मी यानंतर बघेन. खेळाडूला जे अन्यायाचं वाटतं ते बहुतेकदा गुणांच्या संख्येमुळे नसतं. न केलेल्या कृत्याचा डाग लागला, हे त्याला खुपतं.

जादूगार हात आखडतो, कारण त्याला फक्त किंमत दिसते. वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या अशाच खेळाच्या चौथ्या आवृत्तीत यावर फार चांगली सोय आहे: चाचणी (कृती जमली का, हे ठरवायला टाकलेला फासा) फसली की खेळाडू स्वतःहून एक करप्शन गुण घेऊन फासा पुन्हा टाकू शकतो, आधी एकदा पुन्हा टाकलेला असला तरी. मोह हातात ठेवलेला असतो आणि नको म्हणण्याची मुभाही असते. कलुषाचा नियम असाच असावा.

त्यावर : दोन आकडे म्हणजे शीटवर हिशोब वाढला. शिवाय पात्र हातातून कधी जाणार, ते कसं ठरवायचं?

प्रतिसाद : बाधेला आकडा लागत नाही. ती आहे किंवा नाही, एवढंच लिहा. मोजायचं फक्त कलुष.

हातातून जाण्याला ‘पतन’ म्हणा. इथे फाशाचं गणित नीट पाहावं लागतं. समजा, प्रत्येक नवा गुण मिळाला की फासा टाकायचा आणि एकूण गुणांइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर पतन. सहा बाजूंच्या फाशावर तिसऱ्या गुणानंतर पात्र शाबूत असण्याची शक्यता साधारण 28 टक्के उरते, चौथ्यानंतर जेमतेम 9. एवढ्या उतारावर कुणी पाऊल ठेवणार नाही. तोच नियम वीस बाजूंच्या फाशावर लावला तर पाचव्या गुणानंतरही सुमारे 44 टक्के पात्रं टिकतात आणि सातव्यानंतर 20. पहिले दोन गुण जवळपास फुकट वाटतात आणि मोहाला नेमकं तेच हवं असतं. लांबलचक कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेसाठी, मी वीसचाच फासा घेईन. तीन-चार सेशनच्या खेळाला सहाचा शोभतो.

आणखी एक दाखला घ्या. 1981 साली आलेल्या कॉल ऑफ क्थुल्हू या रोलप्लेइंग खेळात गोष्ट करप्शनची नसून मानसिक स्थैर्याची आहे, पण रचना शिकण्यासारखी आहे. निषिद्ध ज्ञान जितकं वाढतं तितकी स्थैर्याची कमाल मर्यादाच खाली येते. सावरता येतं, पण पहिल्याइतकं कधीच नाही. तुम्हाला कलुष पूर्ण धुतलं जायला नको असेल तर हाच मार्ग धरा: प्रायश्चित्ताने गुण जातील, पण विकृती एकदा उगवली की राहील.

आकडा लपवून ठेवू नका. गेम मास्टरने (खेळ आणि कथा चालवणाऱ्याने) गुपचूप मोजलेलं कलुष खेळाडूच्या निर्णयात उतरतच नाही, मग ते मोजून उपयोग काय? परिणामासाठी ‘भोवणे’ हे क्रियापद नियमांत जरूर वापरा. ‘तीन गुणांनंतर करार भोवतो’ असं लिहिलं की वेगळं समजवावं लागत नाही. आणि पतनानंतर पात्र गेम मास्टरकडे जाणार असेल तर ते पहिल्या सेशनच्या आधी सगळ्यांना सांगा, आणि पतनाचा तो प्रसंग ज्याचं पात्र आहे त्यालाच खेळू द्या.