प्रति: सांगलीतला इंग्रजी संभाषण गट

गटासाठी कुणीतरी सुचवलंय की पहिल्याच बैठकीत 'माझी सगळ्यात मोठी भीती' हा विषय द्यावा. नको. शब्द आणि धीर, दोन्ही एकदम अपुरे पडतात आणि लोक 'आय अ‍ॅम व्हेरी सॅड' वर थांबतात. आधी ओळखीचे विषय घ्या: स्वतःला सांगलीकर म्हणवता की मिरजकर? (यावर भांडायलाही इंग्रजी लागेलच!) भावना तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून.

जोड्या पाडा. एकच गोष्ट आधी 4 मिनिटांत, मग जोडीदार बदलून 3, पुन्हा बदलून 2 मिनिटांत सांगायची. मजकूर तोच राहिल्यानं अडखळणं कमी होतं. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, फक्त 'व्हॉट वॉज द हार्डेस्ट पार्ट?' असा एखादा प्रश्न विचारायचा. मन मोकळं करणाऱ्याचं व्याकरण मध्येच सुधारलं की तो गप्प होतो. चुका टिपून शेवटी, नाव न घेता फळ्यावर घ्या. 'आय अ‍ॅम फीलिंग शाय टू टॉक' पेक्षा 'आय फील शाय व्हेन आय टॉक टू स्ट्रेंजर्स' अशी प्रसंगासकट वाक्यं घोटून घ्या.

सांगलीतल्या 2019 च्या महापुराचा विषय मात्र सक्तीनं देऊ नका. 'पास' (म्हणजे 'यावर मला बोलायचं नाही') म्हणायची मुभा पहिल्या दिवसापासून हवी.