ली-एनफील्ड नं. ४ : ओतीव गोळ्यांचा ग्रुप कधी ७० मिमी, कधी १८०. मिश्रण कडक करू का?

पाचखाच
रायफल .३०३, पाच खाचांची नळी (खाचा म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या नागमोडी चरी), डावा पीळ. गोळी १८० ग्रेनची, गॅस चेकसह (तळाला बसवलेली धातूची छोटी टोपी). मिश्रण ९० टक्के शिसे, ५ कथील, ५ अँटिमनी. साइझिंग (गोळी साच्यानंतर ठरावीक जाडीला दाबून आणणे) .३११ इंच. दारू ओतीव गोळीच्या छापील तक्त्यातली, अगदी सुरुवातीची मात्रा. बाकावरून १०० मीटरवर पाच फेऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, १५० ते १८० मिमी येतो, मध्येच एखादा ७० चा. कागदावर दोन-तीन भोकं लांबट. चेंबरच्या पुढच्या चार बोटांत शिसे चिकटते. जाकिटवाल्या (वरून तांब्याचे कवच असलेल्या) गोळ्या याच नळीतून ७५-८० मिमीत बसतात. लिनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचे कडक मिश्रण) घालून गोळी कडक केली तर फरक पडेल का?

साचा_कढई
पडेल, पण उलटा. गोळी नळीला लहान आहे. लांबट भोकं म्हणजे गोळी पीळ न पकडता डुलत जाते आहे आणि मागच्या टोकाला शिसे म्हणजे गरम वायू गोळीच्या कडेने निसटून तिला खरवडतो आहे. लहान गोळी मऊ असली तर दाबाने थोडी तरी फुगून खाच भरते. कडक केली की तेही गेले.

आधी नळी मोजा. शुद्ध मऊ शिशाचा खाचेपेक्षा किंचित जाड तुकडा तेल लावून तोंडाकडून लाकडी हातोडीने आत बसवा आणि जाडजूड गजाने हळूहळू पार ढकला. बारीक गज वाकतो आणि तुकडा मध्येच अडकतो. घसरताना हाताला एखादी जागा सैल लागली तर तीही लिहून ठेवा. आता खरी मेख : पाच खाचांत समोरासमोर खाच नसते, खाचेपुढे कंगोरा (दोन खाचांमधला उंचवटा) येतो. बाहेर आलेला तुकडा साध्या मायक्रोमीटरने मोजला तर माप कमीच दिसते, आणि .३११ वर समाधान मानणारे बहुतेक तिथेच फसलेले असतात. पाच धारांसाठीचा १०८ अंशांच्या व्ही-आधाराचा मायक्रोमीटर लागतो. युद्धकाळातल्या दोन खाचांच्या नळ्यांना ही कटकट नाही.

नं. ४ मध्ये खाच (खाचांच्या तळापर्यंतचा व्यास) .३१४ निघाली तरी नवल नाही. गोळी खाचेपेक्षा .००१ ते .००२ इंच जाड ठेवा. मात्र वरची मर्यादा चेंबर ठरवतो. भरलेल्या काडतुसाची मान त्याच चेंबरमधून उडवलेल्या रिकाम्या पुंगळीच्या मानेपेक्षा निदान .००१ इंच बारीक हवी. गोळीला सुटायला जागा नसेल तर दाब धोकादायक चढतो. तिथे तडजोड नाही.

पाचखाच
मोजली. खाच .३१४, कंगोऱ्यांवर .३०३. मानेला .३१५ पर्यंत जागा आहे. पण साचाच .३१३ ची गोळी देतो.

दहाफेऱ्या
साच्याच्या दोन पाकळ्यांमध्ये, पोकळीपासून दूर, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. गोळी इंचाचा एक-दोन हजारांश जाड पडते. जोडावर बारीक पंख येतो, तो साइझरमधून जाताना दबतो. चालले तर नीट मोठा साचा घ्या.

त्याआधी एक भरलेले काडतूस उघडा आणि गोळी मोजा. जाकिटवाल्या गोळीसाठीचा एक्सपांडर (पुंगळीची मान आतून रुंद करणारा दांडा) ओतीव गोळीला बारीक पडतो. .३१४ ची गोळी घट्ट पितळी मानेत दाबली की .३११ होऊन बाहेर येते, तोंडाशी शिशाची चकचकीत कडी सोललेली दिसते. एवढे मोजून केलेले साइझिंग पुंगळीतच संपले! पायरीदार एक्सपांडर वापरा, तोंड गोळीचा तळ सहज टेकेल इतकेच उघडा, आणि गोळी बसल्यावर फक्त ते सरळ करा. क्रिम्प (तोंड गोळीत आत दाबणे) नको.

साचा_कढई
बरोबर. आणि नळीतले जाकिटवाल्या गोळ्यांचे जुने तांबे पूर्ण काढल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. तांब्यावर शिसे फार लवकर धरते. यानंतर शिसे चेंबरजवळ न दिसता तोंडाकडे दिसू लागले तर प्रश्न मापाचा नाही, वंगण वाटेत संपते आहे.

माशी_मध्यावर
तो ७० मिमीचा ग्रुप विसरा. पाच फेऱ्यांत असा एखादा पडतोच. एकाच रायफलीचा, एकाच भरणीचा (काडतुसाच्या एका कृतीचा) तीन फेऱ्यांचा ग्रुप सरासरी १०० मिमी आला, तर दहा फेऱ्यांचा साधारण १५८ येतो. म्हणून तीनच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. दोन भरण्या तपासायच्या तर प्रत्येकी दहाचे दोन ग्रुप हवेत, आणि तेही आलटून-पालटून : एक फेरी अ च्या कागदावर, एक ब च्या. म्हणजे नळीची गरमी, वारा आणि डोळ्याचा शीण दोघांना सारखाच वाटला जातो. स्वच्छ नळीच्या पहिल्या पाच फेऱ्या मोजणीत धरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मोठ्या पुंगळीत थोडी दारू पुढे-मागे पडते आणि वेग बदलतो. प्रत्येक फेरीआधी तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून थोडे वर उचला, मग हळूच बाकावर टेका. दर वेळी तसेच. एवढ्यानेही उभा पसारा घटतो. हीच थोडी दारू दुसरा धोकाही आणते : दुप्पट माप पुंगळीत सहज मावते. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या करून दिव्याखाली पातळी बघा.

पाचखाच
.३१५ वर, नवा एक्सपांडर, नळी तांब्यापासून स्वच्छ, दारूची मात्रा तीच. दहाचे दोन ग्रुप : ९५ आणि १०४ मिमी. भोकं गोल, शिसे नाही. पसारा मात्र आता जास्त उभाच दिसतो.

माशी_मध्यावर
उभा आहे तर आधी दारूची जागा, मग माशीवरचा (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेवरचा) उजेड बघा. ऊन डोक्यावर आले की माशीचा माथा चमकतो, मग ती खरी किती उंच दिसते ते दर फेरीला बदलते. माशी काजळीने काळी करा. मिश्रणाला हात लावू नका.