रिमोटचा उजेड एकाच फोनला का दिसतो?

प्रश्न: आठवीला अवरक्त किरण (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे) शिकवताना टीव्हीचा रिमोट मोबाइल कॅमेऱ्यासमोर दाबला. जांभळट ठिपका लुकलुकला, वर्गात एकच कल्ला! दुसऱ्या फोनवर मात्र काहीच नाही. पोरं म्हणतात, "बाई, फोन बिघडलाय." काय सांगू?

उत्तर: सेल्फी कॅमेऱ्याने बघा. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो. पुढचा बऱ्याचदा कमजोर. रिमोटच्या एलईडीच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर, आपल्या डोळ्याला मात्र ७००च्या आसपासपर्यंतच दिसतं.

उत्तर: आम्ही दुकानात रिमोट असाच तपासतो. ठिपका नाही दिसला तर आधी सेल बदलायचे.

बाई: सेल्फीवर दिसला! आता विचारतायत, फिल्टर काढला तर?

उत्तर: पानं अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे फोटोत रंग बिघडून लालसर दिसतील. पण घरचा फोन उघडू देऊ नका हं!