राखाडी समुद्र आणि पाऊणपट तिथी

"मुंबईच्या समुद्रात रंगवण्यासारखं काय आहे, नुसता गढूळ राखाडी, लँडस्केप करायचं तर सरळ कोकणात जा" हे समुद्राची चित्रं कुठे काढावीत या चर्चेतलं मत अजिबात पटलं नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीला जाण्याआधी मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे, अगदी समुद्राकाठी. त्यांच्या चित्रांत समुद्र शोधत बसू नये हे खरं (ते स्वतः त्यांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणारी, म्हणायचे), पण राखाडीला कंटाळणाऱ्यांनी ती एकदा जवळून बघावीत.

दुसरं म्हणजे या चर्चेत कुणी भरती-ओहोटीच्या वेळेबद्दल बोललंच नाही. मी पहिली दोन वर्षं वांद्र्याच्या खडकांवर सुट्टी असेल तेव्हा चित्रं काढायला जायचो आणि निम्म्या वेळा भरतीत खडकच गायब. मग वरळी कोळीवाड्यातल्या एका काकांनी हिशेब शिकवला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला भरती साधारण बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, ऐन सूर्यास्ताला! त्यात उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी एरवीपेक्षा लांब जातं आणि ओल्या चिखलात अख्खं आकाश उतरतं. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण-एक तास उशिरा, तोवर उजेड गेलेला. तो चिखल मी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून रंगवतो, काळा रंग पेटीतून काढूनच टाकलाय. फक्त जलरंगवाल्यांनो, खाऱ्या दमट हवेत पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) वाळता वाळत नाही, दोन कागद सोबत ठेवा आणि आलटून पालटून करा.